भोंग्यातली कानटोपी

मी एसटीच्या भोंग्यात माझी कानटोपी कोंबली होती.

घ्या. सांगून टाकलं. एवढं एक वाक्य मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. माझे बाकीचे सगळे गाढवपणे बायकोला तोंडपाठ आहेत. साखरपुड्यात मी गडबडीत मेव्हणीलाच पेढा भरवला, तिथपासून पुढचे सगळे. पण हा नाही. तुम्ही ना ओळखीचे ना पाळखीचे, म्हणूनच तुमच्याजवळ जीभ सैल सुटतेय. बसा जरा.

आता तुम्ही म्हणाल, टोपीच ना? त्यात एवढं काय? खरं आहे. टोपी कोंबणं हा गाढवपणा होता, आणि गाढवपणा सांगायची मला कधी लाज वाटली नाही. उलट चार माणसांत माझा जो काही भाव आहे तो त्याच भांडवलावर. मग हाच एक का लपवला? कारण — कारण टोपीच्या मागं दुसरं एक आहे. तिथवर यायला मला जरा वेळ लागेल. येईन पण.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. मी मूळचा साताऱ्याचा. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला घर. सकाळी फार तर कोंबडा आणि शेजारच्या काकांचा खोकला, एवढाच काय तो आवाज. नोकरी लागली ती सांगली जिल्ह्यात, कडेगावच्या बाजूला एका गावच्या हायस्कुलात, शास्त्राचा मास्तर म्हणून. गावाचं नाव सांगत नाही. कबुली माझी आहे, गावाला कशाला मध्ये ओढा?

खोली मिळाली ती ऐन चौकात. घरमालक कौतुकानं म्हणाला, "मास्तर, एसटी अक्षी दारात हाय बगा!" मला वाटलं, बोलायची पद्धत आहे. दारात म्हणजे खरोखर दारात, हे दुसऱ्या दिवशी पहाटे समजलं — मी खाटेवरून खाली पडलो होतो तेव्हा.

ती मुक्कामी गाडी होती. संध्याकाळी सांगलीहून यायची, रात्रभर आमच्या चौकात उभी राहायची आणि पहाटे पुन्हा सांगलीला निघायची. ड्रायव्हरच्या खिडकीबाहेर पितळेचा भोंगा, त्याच्या शेपटीला काळा रबरी फुगा. फुगा दाबला की भोंगा वाजायचा. वाजायचा हा शब्द फार सभ्य झाला. पाणी पिताना म्हशीची शेपटी कुणी पिरगाळली तर ती जे म्हणेल ते तो भोंगा म्हणायचा. आणि त्याचं तोंड नेमकं माझ्या खिडकीकडं! मी हात बाहेर काढला असता तर त्याच्याशी हस्तांदोलन झालं असतं.

गाडीचे ड्रायव्हर दौलतमामा. मामा कुणाचे? साऱ्या गावाचे. पांढऱ्या मिशा, खाकी कपडे, रिटायर व्हायला थोडे महिने उरलेले. मामा रोज पहाटे तीनदा भोंगा वाजवत. पहिला म्हणजे उठा. दुसरा म्हणजे आवरा. तिसरा म्हणजे मी निघालो, आता बोंब मारू नका. आणि गंमत अशी, की गाडीनं जाणारी माणसं जेमतेम पंधरा-वीस, पण ह्या भोंग्यांवर चालायचं अख्खं गाव. पहिल्याला चुली पेटायच्या. दुसऱ्याला धारा निघायच्या. तिसऱ्याला ज्याची उसाला पाण्याची पाळी असेल तो खोरं खांद्यावर टाकून पाटाकडं चालू लागायचा. गावात घड्याळं नव्हती असं नाही. लग्नात मिळालेली होती की! पण ती मनगटावर मिरवायला. वेळ कळायला भोंगा.

गाडीला कंडक्टरही होता, पण त्याची सासुरवाडी पुढच्याच वाडीत. तो रात्री तिकडं जेवायला-झोपायला जायचा आणि पहाटे फाट्यावर गाडीत चढायचा. हे तेवढं ध्यानात ठेवा.

आणि मामांचं जेवण? ते गावाकडं. रोज एका घरची भाकरी. आज कुणाची पाळी, उद्या कुणाची, हे ठरवायची हौसाकाकू. हौसाकाकूचा नवरा फौजेतून पेन्शनीवर आलेला, थोरला लेक वसंता फौजेत. घरात दोन दोन फौजी, पण हुकूम हिचा. मामांचं ताट यायला उशीर झाला तर ज्याची पाळी त्याच्या दारात जाऊन ती विचारायची, "का गं, तुझं पीठ अजून जात्यातच हाय का?" मामांना त्या गावात कधी भाकरी मागावी लागली नव्हती, आणि ह्याचा त्यांना फार अभिमान होता. सांगली डेपोत ते सांगायचे म्हणे — "माज्या मुक्कामाला आल्याबिगर गाव म्हंजी काय ते कळायचं न्हाई."

माझं काय दुखत होतं? झोप. तेवढंच. सरळ मामांना सांगता आलं असतं, की जरा गाडी चार हात पुढं लावा. सांगितलं का? नाही. मी शास्त्राचा पदवीधर! मी मोजायला लागलो.

हल्ली आवाज मोजायचं यंत्र म्हणे लोकांच्या खिशातल्या फोनमध्येही असतं. माझ्याजवळ शाळेच्या प्रयोगशाळेतलं गजराचं घड्याळ होतं. युक्ती सोपी — शांत दुपारी घड्याळाची टिकटिक आठ हातांवरून ऐकू यायची. चौकातून उसाचा ट्रक गेला की अर्ध्या हातावर. एसटीचं इंजिन सुरू झालं की घड्याळ कानाला चिकटवलं तरी नाही. म्हणजे टिकटिक जितकी जवळ आणावी लागेल तितका आवाज मोठा. काय चूक आहे त्यात? काही नाही. फक्त चौकात घड्याळ कानाजवळ धरून उलट्या पावलांनी चालणारा मास्तर गावानं आधी पाहिला नव्हता. दोन दिवस लोकांनी सहन केलं. तिसऱ्या दिवशी एकानं विचारलंच, "मास्तर, घड्याळ बिघडलंय, का तुमी?"

भोंगा मात्र मोजताच येईना. तो वाजला की मी दचके आणि घड्याळ हातातून सुटे. एकदा पडून काच फुटली. ते मी शाळेतल्या मांजरावर घातलं. हेडमास्तरांनी मांजर हाकललं. — बघा, इथंच तुम्हाला माझी जात कळायला हवी होती. मला तर हवीच हवी होती.

मग पौषातल्या एका सकाळी, कानावर आईनं विणलेली लोकरीची कानटोपी, तिच्यावर पांघरूण, त्याच्यावर उशी, अशा थाटात पडल्या पडल्या मला ज्ञान झालं. आवाज थांबवायचे मार्ग दोन. ऐकणाऱ्याचे कान झाका, नाहीतर करणाऱ्याचं तोंड. मी गाढवासारखा कान झाकत बसलो होतो. तोंड तर एकच आहे, आणि टोपी त्याच्या मापाची आहे!

त्याच दिवशी दिवेलागणीला मामा विहिरीवर हातपाय धुवायला गेले, चौकात कुणी नव्हतं. मी फेरफटका मारल्यासारखा गेलो आणि टोपी भोंग्यात सरकवली. गच्च नाही हं. हिशेबानं. आवाज मारायचा नव्हता, निम्मा करायचा होता. बोटानं आत ढकलताना मला वाटत होतं, एक दिवस ह्यावर मी कुठंतरी भाषण देईन.

त्या पहाटेच्या गाडीनं वसंता रजा संपवून जाणार होता — मिरजेला, तिथून आगगाडीनं पार उत्तरेला. हे मला माहीत होतं का? विसरलो होतो असं म्हणायची मोठी सोय आहे. पण माहीत होतं. दुपारीच हौसाकाकूच्या घरी वसंताच्या पंगतीला बसून मी साडेतीन पोळ्या हाणल्या होत्या. "पहिल्या भोंग्याला उठून दशम्या करते," असं ती माझ्या पानात तूप वाढताना म्हणाली होती. मी मान डोलावली होती.

पहाटे मी जागा होतो. प्रयोग कोण झोपून घालवतो? इंजिन सुरू झालं. त्याचं गावाला काही नव्हतं. मामा ते आधी बराच वेळ तापवत ठेवायचे, तो आवाज गावाच्या अंगवळणी पडलेला. मग पहिला भोंगा — आला तो असा, की एखाद्या जाड्या माणसानं पंगतीतून उठताना सुस्कारा टाकावा. फुस्स! मी उशीत तोंड खुपसून हसलो. थोड्या वेळानं दुसरा. फुस्स. मला वाटलं, एवढा यशस्वी प्रयोग न्यूटनच्याही हातून झाला नसेल. मग तिसरा. चौकात एकही पाऊल वाजलं नाही. एकही नाही. तेव्हा मला काही समजायला हवं होतं ना? उठून टोपी ओढायला कितीसा वेळ? वसंताच्या दारापर्यंत पळत जायला कितीसा?

मी कूस बदलली.

गाडी रिकामी गेली. बाहेरच्या ओढ्याजवळ रस्त्याला म्हैस बसेल एवढे खड्डे होते. तिथंच कुठंतरी टोपी उडून पडली असणार, कारण फाट्यावर कंडक्टर चढला तोवर भोंगा पूर्ववत म्हशीच्या आवाजात बोलत होता. (पुढं महिनाभरानं ती टोपी मला एका शाळवाच्या रानात बुजगावण्याच्या मडक्यावर दिसली. त्याला ती माझ्यापेक्षा शोभत होती. मी मान खाली घालून सायकल दामटली.)

गाव उठलं ते उन्हानं. आणि मग जो गोंधळ उडाला म्हणता! म्हशी तुंबून हंबरतायत, कुणाची पाण्याची पाळी चुकून शेजाऱ्याच्या वाफ्यात गेलेली, एकजण तर तोंडाला साबण लावून चौकात विचारतोय, "आज सूर्य लवकर उगवला का रं?" ह्या सगळ्यात वसंता — अंगात गणवेश, एका पायात बूट, दुसरा हातात, मागं ट्रंक डोक्यावर घेतलेले त्याचे वडील. गाडी कधीच गेलेली. नशिबानं सांगलीकडं जाणारा उसाचा एक ट्रक आला. पोरांनी वसंताला ट्रंकेसकट उसाच्या मोळ्यांवर फेकला. आणि हौसाकाकू दोन्ही हात पिठानं भरलेले तशीच ट्रकमागं पळाली. वेशीपर्यंत. दशम्या परातीतच होत्या, पीठ होऊन.

वसंताला आगगाडी मिळाली. आगगाडीच उशिरा आली होती. चार दिवसांनी त्या ट्रकवाल्यानंच निरोप दिला. पुढं वसंताचं पत्रही आलं, की तो वेळेत हजर झाला, त्याला कुणी शिक्षा केली नाही. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण तुम्ही त्याच्या काळजीत राहिलात तर माझ्याकडं तुमचं लक्ष राहायचं नाही.

संध्याकाळी गाडी आली तेव्हा सगळं गाव पारावर. मामा हसत उतरले. "काय रं, आज सगळी मिळून कुठं मेला हुता?" कुणी हसलं नाही. गावात तात्या म्हणून वडीलधारे होते, त्यांनी विचारलं, "दौलतराव, भोंगा का वाजवला न्हाईसा?"

"वाजवला की! तीनबी बारी वाजवला!"

"कुणी ऐकला का रं?" तात्यांनी साऱ्यांकडं बघितलं. कुणीच नाही. कोण कसा ऐकणार? मामा एकेकाकडं बघत राहिले — एवढी ओळखीची माणसं एकदम खोटं कशी बोलतील? आणि माणसं मामांकडं — एवढा सरळ माणूस तोंडावर खोटं कसं बोलतो? दोघंही खरं बोलत होते. त्या अख्ख्या चौकात खरं-खोटं कळायला एकच जागा होती, आणि ती माझ्या धोतराच्या — नाही, मी लेंगा घालायचो — माझ्या लेंग्याच्या आत उभी होती.

तात्या वळलेच. "मास्तर, तुमची खाट तर भोंग्याच्या फुडंच. तुमी शिकली-सवरलेली माणसं. सांगा बगू. वाजला का न्हाई?"

मी म्हणालो, "मी झोपलो होतो."

हे ते. टोपी नव्हे — हे. तीन शब्द. खोटं बोलताना माणसाला निदान घाम फुटावा, अडखळायला व्हावं. मला तसलं काही झालं नाही. उलट मी एक जांभई दिली. खोट्याला दाखला म्हणून! अजून मध्येच कधीतरी, बसमध्ये, दाढी करताना, ती जांभई मला आठवते आणि कान तापतात.

आणि मामा? त्यांनी माझी बाजू घेतली. "व्हय, तरण्या पोरांची झोप अशीच आसती. मास्तरला कशाला इचारता?"

हौसाकाकू पुढं आली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "मामा, माजं लेकरू उपाशी गेलं. ह्या गावची भाकरी आता तुमाला न्हाई." पदर खोचला आणि निघून गेली. तिच्या शब्दापुढं कोण जाणार? त्या रात्री मामांचं ताट आलं नाही.

मामांनी कुणाला बोल लावला नाही. गाडीच्या पायरीवर बसून शेंगदाणे-फुटाणे खायचे, वरून पाणी. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. पहाटे भोंगा आता पाच-पाच वेळा वाजायचा, जीव खाऊन. गाव उठायचं, गाडीत बसायचं, आणि मामांशी बोलायचं नाही. आणि मी खिडकीतून हे बघत खानावळीचा डबा खात होतो — अंडाकरी असली की दोन पोळ्या जास्त. तेही सांगून टाकतो.

चौथ्या दिवशी मी त्यांना जेवायला बोलावलं. चांगुलपणा नका समजू. पायरीवरचा तो माणूस माझ्या खिडकीसमोरून हलवायचा होता, बस. स्टोव्हवर खिचडी टाकली. ती खालून करपली, वरून कच्ची राहिली. दोन्ही एकाच पातेल्यात साधणं सोपं नाही. मामांनी पहिला घास खाल्ला, डोळे मिटले, तो गिळला आणि म्हणाले, "ह्या गावात मानूस म्हनावा आसा तुमी येकलंच हाय, मास्तर."

मी त्यांना आणखी खिचडी वाढली. बिचाऱ्यांनी तीही खाल्ली.

तेवढ्यात फळीवरचं घड्याळ वाजलं. तेच, काच फुटलेलं. गजर माझ्याच हातून लागून राहिला होता. असा कर्कश, की मी ताटासकट उडालो. मामा शांतपणे लोणचं चाटत होते. ते त्यांच्या डाव्या अंगाला, हातभरावर वाजत होतं. माझं तोंड बघून त्यांनी मागं वळून पाहिलं, गजराची हातोडी हलताना दिसली, आणि त्यांचा हात ताटातच थांबला.

"कळलं न्हवं?" ते म्हणाले.

मग सांगितलं त्यांनी. सगळी हयात त्या इंजिनाच्या मांडीला मांडी लावून बसले होते. त्या जुन्या गाड्यांचं इंजिन ड्रायव्हरच्या डाव्या कुशीला, आतच. घाट चढताना ते काय बोलतं ते त्यालाच माहीत. आधी डावा कान गेला, मग उजवा जायला लागला. सवारीनं हाक मारली की कंडक्टर खांद्याला हात लावायचा. मागून काही येतंय का ते आरशात बघायचे, आणि समोरच्याचं बोलणं ओठांवरून ओळखायचे. "आन् भोंगा?" मी विचारलं. त्यांनी हाताची मूठ करून दाखवली. "फुगा दाबला की हाताला कळतंय, गेला आवाज म्हनून. कानाला तर कवाच न्हाई."

मी घड्याळ घेतलं आणि त्यांचा कान मोजला. डाव्याला अगदी टेकवलं. काही नाही. उजव्याला बोटभरावर आणल्यावर म्हणाले, "हां, हितं काय तरी किडा बोलतोय." माझ्या सगळ्या मोजणीत आवाजानं माणसाचं काय होतं हे सांगणारा एवढा एकच आकडा. बाकीचे आकडे मी खोलीच्या भिंतीवर खडूनं लिहीत होतो, हा लिहिला नाही.

मग ते हळूच म्हणाले, "खरं सांगा मास्तर. त्या दिवशी वाजलाच नसंल का ओ? म्या दाबला. पर सारं गाव म्हनतंय तर... उद्या डेपोत जाऊन सांगून टाकतो. काढून घ्या म्हनतो स्टेरिंग. रिटायर व्हायला थोडं दिस ऱ्हायल्यात, तेवढं गाड्या धूत काढीन. खोटा म्हनून निघन्यापरीस ते बरं."

सांगायची ती वेळ होती. खोलीत आम्ही दोघं. एक वाक्य. मामा, वाजला होता, मी टोपी कोंबली होती. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "वाजला असेल हो, मामा. घाई करू नका."

नंतर मी स्वतःला एक कारण सांगत आलो. फार देखणं कारण आहे, ऐका — मी टोपीचं कबूल केलं असतं, तर गावानं पुढचा प्रश्न विचारला असता, की मग मामांना कसं कळलं नाही भोंगा दबला ते? आणि त्यांचा कान उघडा पडला असता. म्हणजे मी गप्प राहिलो ते त्यांच्यासाठी! आहे की नाही छान? फक्त एक भानगड आहे. पारावर मी जांभई दिली तेव्हा मला त्यांच्या कानाचं काहीएक माहीत नव्हतं. कारण मागाहून सापडलं. आणि त्या कानांचा माणूस भरल्या गाडीचं स्टेरिंग धरतो आहे, हे समजल्यावरही मी गप्पच होतो. तेव्हा ते कारण तुम्ही धरू नका. मीही धरत नाही.

मग दुसऱ्या दिवशी मी ते केलं, ज्याला माझे विद्यार्थी पुढं बरीच वर्षं शास्त्र समजत होते. तात्यांना सांगून पारावर सभा भरवली. शाळेतून फळा आणला. त्यावर हवेचे बाण काढले आणि गावाला समजावलं, की कडाक्याच्या थंडीत जमिनीलगतची हवा जड होते. त्यामुळं आवाज पुढं न जाता सरळ वर उचलला जातो. त्या दिवशी थंडी विशेष होती. सबब मामांनी भोंगा वाजवला, पण तो आभाळात गेला.

ह्यातलं एक अक्षर खरं नाही. थंड पहाटे आवाज उलट खाली वाकतो आणि लांबवर जातो. मी स्वतःच आदल्या आठवड्यात हे नववीला शिकवलं होतं. आणि नववीतलीच एक पोरगी, अगदी पुढं बसलेली, उठून उभी राहिली. "सर, पण वर्गात तर तुम्ही उलटं सांगितलंत!"

"ते पुस्तकातलं," मी म्हणालो. "हे गावातलं."

गाव खूश झालं. आपल्या गावाला वेगळं शास्त्र आहे हे कुणाला आवडणार नाही? तात्या म्हणाले, "तरीच! आमचं कुत्रं त्या दिशी वर बघून भुकत हुतं." वार्षिक परीक्षेला निम्म्या वर्गानं गावातलं उत्तर लिहिलं. मी सगळ्यांना पुरे गुण दिले. दुसरं काय करणार होतो?

हौसाकाकू मात्र फळ्याकडं बघतच नव्हती. मामांकडं बघत होती. चार दिवसांत त्यांचे गाल बसले होते. त्यात माझ्या खिचडीचा वाटा किती ते देव जाणे. ती उठली, घरी गेली आणि ताट घेऊन आली. दोन भाकऱ्या, पिठलं, वर कांदा फोडलेला. मामांपुढं ठेवलं. "आभाळात गेला आसंल तर तिकडं वर उत्तरंला वसंतानं ऐकला आसंल. खावा." मामांनी ताट जवळ ओढलं. मग त्यांनी भाकरी मोडली. डेपोत जायचं राहिलं ते राहिलंच.

ह्यानंतर गावात माझा मान वाढला. त्याचं ओझं वाटलं का? थोडं. मान चवदार असतो हो, त्याचं ओझं चटकन जाणवत नाही.

उन्हाळ्यात मामा रिटायर झाले. शेवटच्या मुक्कामाला गावानं गाडीला तोरण बांधलं, मामांना फेटा बांधला, तात्यांनी नारळ दिला. हौसाकाकूनं वाटेसाठी भाकरीचं एवढं मोठं गाठोडं दिलं, की त्याचं अर्धं तिकीट काढा म्हणून कंडक्टर चेष्टा करायला लागला. एकेकजण उठून मामांविषयी बोलत होता. बोलता बोलता कुणीतरी ती पहाट काढली — आभाळात गेलेला भोंगा — आणि सगळे हसले. मामाही हसले. पण हसताना त्यांनी स्वतःच्या उजव्या मुठीकडं पाहिलं. उघडली, मिटली. अजून त्यांची खात्री नव्हती. एवढ्या महिन्यांनी, फेटा डोक्यावर असताना, त्या माणसाला अजून वाटत होतं, की कदाचित त्या दिवशी आपणच चुकलो.

मला काय झालं कुणास ठाऊक. मी उठून उभा राहिलो. मामांच्या उजव्या बाजूला गेलो, आणि साऱ्यांना ऐकू जाईल असं ओरडून म्हणालो, "मामा, त्या दिवशी भोंगा वाजला होता. तीनही वेळा. मी माझ्या कानांनी ऐकला होता."

टोपीचं मी तेव्हाही बोललो नाही. बोलेन, बोलेन असं वाटत होतं. पुढचं वाक्य जिभेवर होतं, आणि मी गावाकडं बघत थांबलो. मामांनी वर पाहिलं. त्यांना ऐकू आलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

ऐकलं ते हौसाकाकूनं. तिनं गाठोड्याची गाठ आवळली, कमरेवर हात ठेवून मला आपादमस्तक न्याहाळलं, आणि साऱ्या गावादेखत म्हणाली,

"खाली बसा, मास्तर! जागं आसताना तुमाला काय कळत न्हाई, झोपंत काय डोंबल ऐकलासा!"